माझी आई निरक्षर होती

सोमवार, २४ जून

आज प्राचार्य स्टाफरूममध्ये आले आणि म्हणाले, यंदा पुस्तिका काढायची. आपण भाषा कशी शिकलो, लिहायला-वाचायला कसे लागलो, याची स्वतःची गोष्ट बी.एड.च्या प्रत्येक विद्यार्थ्यानं लिहायची. नमुन्यासाठी पहिली गोष्ट मराठी अध्यापन पद्धतीच्या मॅडमची, म्हणजे माझी. "तायडे मॅडम, तुमच्या आईचीच लिहा. मागच्या निरोप समारंभात तुम्ही बोललात तेव्हा अर्धा हॉल डोळे पुसत होता."

मी हो म्हटलं. ती गोष्ट मला पाठच आहे. आठवीपासून सांगत आले आहे. कच्चं लिहून बघावं म्हणून ही डायरी काढली, दोन वर्षांपासून कोरीच पडली होती.

आईला लकवा होऊन आज सोळा दिवस झाले. अकोल्याच्या दवाखान्यातून पातूरला घरी आणलंय. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. सगळं समजतं, पण तोंडातून फक्त "आन्, आन्" निघतं. अमोल आणि भावना, माझा भाऊ-भावजय, तेच सगळं करतात. मी अमरावतीहून शनिवारी जाते, रविवारी परत येते. अकोल्याला बस बदलून चार तास लागतात. माझ्या हातून होतं ते एवढंच.

शनिवार, २९ जून

आज आईला घेऊन अकोल्याला गेलो. वाचा-उपचाराचे डॉक्टर तरुण आहेत, पियुष सर. समोर अक्षरांचा एक तक्ता आणि चित्रांच्या कार्डांचा गठ्ठा होता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आजींचं शिक्षण किती?"

"निरक्षर आहे," मी म्हटलं.

"अजिबातच नाही? सही वगैरे?"

"अंगठा."

आईनं डावा हात उचलला आणि टेबलावर आपटला. मला वाटलं पाणी हवंय. बाटली पुढे केली तर तिनं तोंड बंद करून घेतलं. सरांनी तक्ता गुंडाळून कपाटात ठेवला आणि चित्रं काढली. ग्लास, चप्पल, भाकरी, गाय. आईनं गाय बरोबर दाखवली. मग मान खाली घातली ती घातलीच.

निघताना सर म्हणाले, घरात बोलता त्याच बोलीत बोला, दुसऱ्या भाषेचं ओझं नको. बसमध्ये मी विचारलं, "आई, तुला बरं वाटतंय का?" आई माझ्याकडे नुसती बघत राहिली. भावना पुढच्या सीटवरून वळून म्हणाली, "आई, मान दुखते का वं? उशी देऊ?" आईनं लगेच मान हलवली.

मला वाईट वाटलं. मला "दुखते का वं" म्हणता येत नाही असं नाही. म्हणायला गेलं की जीभ अडते.

गुरुवार, ४ जुलै

आज गोष्ट लिहिली. खाडाखोड जवळजवळ नाहीच.

सुरुवात अशी केली: सहा वर्षांची असताना मला शिकायला अमरावतीला मावशीकडे ठेवलं. शाळेत पहिल्याच दिवशी मी बाईंना म्हटलं, "मले पेन्सिल नाही." पोरी हसल्या. बाईही हसल्या. दिवाळीपर्यंत माझं "मले" गेलं, "मला" आलं. सुट्टीत पातूरला गेले तर आई दारातच म्हणाली, "आली माय माही!" आणि मी तिला सुधारलं, "माही नाही गं, माझी." तिनं लगेच म्हणून पाहिलं, "माझी." आम्ही दोघी हसलो होतो.

मग आठवीतली वक्तृत्व स्पर्धा. विषय होता 'माझी आई'. भाषण आमच्या सरांनी लिहून दिलं होतं. "माझी आई निरक्षर आहे. कागदावरची अक्षरं तिला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसतात. पण त्या मुंग्या माझ्या हातात साखर आणून ठेवतील, हे तिला ठाऊक आहे." या वाक्यावर आजही टाळ्या पडतात. अकोल्याच्या त्या सभागृहात पहिला नंबर आला होता.

लिहिता लिहिता एक गोष्ट डोक्यात आली. मुंग्यांचं आई मला कधी म्हणाली होती का? आठवत नाही. सरांना मी सांगितलं असेन. नाहीतर सरांनी कुठून लिहिलं असतं?

भाषणाच्या शेवटी "मीच तिचे डोळे आहे" असं आहे. ते तसंच ठेवलं. सोमवारी देऊन टाकते.

रविवार, १४ जुलै

आईनं काल चित्रांची कार्डं भिरकावली. ग्लासाचं दाखवलं, फेकलं. पलंगाचं दाखवलं, फेकलं. दिवसातून दहा-वीस वेळा "आन्, आन्" करत हात वर करते, आणि आम्ही दूध, पाणी, भांडं, उशी सगळं विचारून झालं की रडते. अमोल वैतागून बाहेर निघून गेला.

भावना म्हणाली, "ताई, एक सांगू का? आई पेपराचा कागद धरून बसतात. दाणे बांधून आले होते त्याचा. घ्याले गेली तर सोडतच नाहीत. नजर अशी इकडून तिकडे फिरते त्यायची."

मी पाहिला कागद. साडीची जाहिरात होती एका कोपऱ्यात. आईला रंगांची आवड पहिल्यापासून आहे.

पियुष सरांना फोन केला. ते म्हणाले, सराव सुरू ठेवा, पहिले तीन महिने महत्त्वाचे. पण आईला शिकण्याची सवयच नाही. ज्याच्या हातात कधी पाटी आली नाही त्याला सत्तराव्या वर्षी सराव कसला करवून घेणार? मी गुडघ्यावर कार्ड धरून तासभर बसले. तिनं डोळे मिटून घेतले होते.

रविवार, २१ जुलै

हे लिहायला हात वळत नाही. परतीच्या बसमध्ये काहीच सुचलं नाही, घरी आल्यावर लिहिते आहे.

आज आषाढी पौर्णिमा, बौद्ध विहारात पावसाळ्याचे तीन महिने चालणारा वर्षावास सुरू झाला. दुपारी जाईबाई आईला भेटायला आली. आईची मैत्रीण, दोघींचं माहेर एकच, पातूरला दिलेल्याही एकाच वर्षी. पलंगावर बसली आणि आईचा हात हातात घेऊन म्हणाली, "यंदा विहारात वाचाले कोणी नाही, शकुन. पोट्ट्यायले वेळ नाही म्हणते." मग माझ्याकडे वळली. "तुही माय वाचे तवाची गोष्टच अलग होती."

"आई काय वाचायची?"

"ग्रंथ. वर्षावासाचे तीन महिने, रोज संध्याकाळी. आमी साऱ्याजणी आयकाले बसो. बोट ठेवून ठेवून वाचे. हळू वाचे, पण एक अक्षर खाये नाही."

मी हसले. "जाईमावशी, तुमचा गोंधळ होतोय. आईला वाचता येत नाही. ती शाळेतच गेली नाही."

"कोण म्हणते? चौथी पास हाय थे. माया संगं होती शाळेत. म्या दुसरीत सोडली."

आई डाव्या हातानं जाईबाईचा पदर ओढत होती. मला वाटलं, तिला उठून बसायचंय. मी तिच्या पाठीमागे उशी लावली.

"मग ती अंगठा का देते?"

"तू अकोल्याले भाषण केलं ना, तवापासून." जाईबाईनं हे अगदी सहज सांगितलं, चहात साखर कमी आहे म्हणावं तसं. "आमी दोघी आलो होतो ना मोटारनं तुले पाहाले. तू म्हणे, माही आई निरक्षर हाय, तिले अक्षर म्हणजे मुंगळे दिसते. लोकायनं टाळ्या वाजवल्या. म्या शकुनले म्हटलं, काहून वं, हे पोट्टी असं काहून बोलून राहिली? तर मले म्हणे, चूप बस. बक्षीस भेटून राहिलं तिले."

"आणि नंतर?"

"नंतर काय. विहारात बलावलं तर म्हणे डोळे दुखते. म्या लय मागं लागली तवा म्हणे, जाई, कोणी पाहलं अन् अमरावतीले पोचलं तर पोरगी खोटी पडन. मंग पंचायतीत गेली तर अंगठा. बँकेत अंगठा. आता तर तिले तेच खरं वाटत असन."

आईनं पदर सोडून दिला होता. भिंतीकडे तोंड करून पडली होती.

अमोलला विचारलं. तो म्हणाला, "मले काय माहीत ताई, मी तवा सात-आठ वर्षांचा होतो. मी तर तुह्याच तोंडून आयकत आलो."

मंगळवार, २३ जुलै

जाईबाईचं वय झालंय. अशा वयात एकीची गोष्ट दुसरीला चिकटते. दुसऱ्याच कुणी बाई वाचत असतील.

आणि मी? मी घरात होते ना? सुट्टीत यायचेच की. पण उन्हाळ्यात आणि दिवाळीत. पावसाळ्यात कधीच नाही. मावशीकडे गेल्यापासून वर्षावासात पातूरला मी एकदाही नव्हते.

मावशीकडे दर महिन्याला पत्र यायचं. मावशी म्हणायची, कुणाकडून तरी लिहून घेते तुझी आई. मोठं अक्षर, शिरोरेघ प्रत्येक शब्दावर वेगळी, पानाच्या बाहेर जाणारी. आठवीनंतर ती पत्रं बंद झाली. मी कधी विचारलं नाही. नंतर शेजाऱ्यांकडे फोन आलाच होता.

स्पर्धेनंतर बसस्टँडवर आईनं मला जवळ घेतलं होतं. "चांगलं बोलली तू," म्हणाली. मग म्हणाली, "शुद्ध बोलली." मी ढाल पिशवीतून काढून दाखवत होते. तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं असेलच. आठवत नाही.



शनिवार, २७ जुलै

अमरावतीहून निघताना मुळाक्षरांचा मोठा तक्ता घेतला. बालवाडीचाच मिळाला, क कमळाचा.

घरी पोचल्याबरोबर आईसमोर धरला. "आई, जाईमावशीनं सांगितलं मला सगळं. तुला वाचता येतं. दाखव ना, काय हवंय ते."

आईनं एकदा तक्त्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग डोळे मिटले. मी तिचं बोट धरून 'क'वर ठेवलं. तिनं सोडवून घेतलं. मी पुन्हा ठेवलं. पुन्हा सोडवून घेतलं. अर्धा तास हेच. शेवटी तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा थांबले. जाईबाईचंच चुकलं असेल, असं वाटून मला थोडं हलकंही वाटलं. हे खोटं लिहीत नाही.

चहा टाकायला आत गेले. भावना पलंगावर बसली तक्ता घेऊन. तिचा आवाज ऐकू येत होता. "आई, ताई आत हायत. मी एकलीच हाय. सांगा आता, काय पायजे?"

मी दाराशी येऊन उभी राहिले. आईचं बोट तक्त्यावर फिरत होतं. हळूहळू, ओळीच्या खालून, जसं वाचणाऱ्याचं फिरतं. 'प'वर थांबलं. मग बराच वेळ शोधून 'ख'वर.

"प... ख?" भावना म्हणाली. "पख? पंखा? आई, पंखा म्हणता?"

आईनं हात वर केला. छताकडे.

पंखा फुल्ल होता. आई घरी आली तेव्हापासून रात्रंदिवस फुल्लच आहे, तिला उकडू नये म्हणून. तिला थंडी वाजत होती. गेला दीड महिना ती हेच सांगत होती.

भावनानं उठून बटण बंद केलं. खोली एकदम शांत झाली. आईच्या तोंडावर जे आलं ते मी तिच्या आजारपणात एकदाही पाहिलं नव्हतं. मी धावत आत गेले. "आई!" म्हटलं. तिनं तक्त्यावरचं बोट काढून घेतलं आणि हात पदराखाली घातला.

का काढून घेतलं असेल? थकली असेल. पंखा मी पुन्हा लावू दिला नाही.

सोमवार, २९ जुलै

पियुष सरांना फोन केला. ते खूश झाले. म्हणाले, हे आधी कळायला हवं होतं, पण ठीक आहे, अक्षरांवरून पुष्कळ करता येईल. बुधवारी घेऊन या. मी कॉलेजमध्ये रजा टाकली.

पुस्तिकेतली गोष्ट मागे घेते, असं प्राचार्यांना सांगायचं होतं. त्यांच्या केबिनपर्यंत गेले. आत पाहुणे होते. नसते तरी सांगितलं असतं का, कोण जाणे. काय म्हणू? सव्वीस-सत्तावीस वर्षं मी सांगितलं ते खरं नव्हतं? नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा हीच गोष्ट सांगितली होती. परवा आईला अकोल्याला नेऊन आणू, मग सांगते.

भावनानं फोन केला होता. आईनं आज तक्त्यावर आणखी दोन शब्द दाखवले. एक 'मीठ'. भाजी अळणी होती म्हणे. दुसरा भावनाला नीट लागला नाही, 'र' आणि 'ग' दाखवलं फक्त. "राग आला का, विचारलं ताई, तर नाही म्हणतात मानेनं. मंग परत तेच."

मलाही लागला नाही. रग म्हणजे पांघरूण हवं असेल. एक रग घेऊन जाईन.

गुरुवार, १ ऑगस्ट

मंगळवारी पहाटे आईला दुसरा झटका आला. मी पोचले तेव्हा ती आयसीयूत होती. काचेतून पाहिलं.

रविवार, ११ ऑगस्ट

आई वाचली. सगळे असंच म्हणतात, वाचली.

नळीतून खाणं आहे. डोळे उघडे असतात. भावना बोलली काय, जाईबाई बोलली काय, मी बोलले काय, ते छताकडेच असतात. पियुष सर वॉर्डात येऊन पाहून गेले. तक्ता धरला. एक-एक अक्षर मोठं करून दाखवलं. आई तक्त्याकडे बघत होती तशीच मग भिंतीकडे बघत होती.

बाहेर येऊन म्हणाले, "आता समजणंही गेलंय, मॅडम. फार अपेक्षा ठेवू नका."

मी विचारलं, "पहिल्याच दिवशी तुम्ही तक्ता वापरला असता तर?"

"दुसरा झटका टळला नसता. त्याचा याचा संबंध नाही." त्यांना मला लागेल असं बोलायचं नव्हतं, दिसत होतं. "महिनाभर बोलल्या असत्या, इतकंच."

र आणि ग. आज बसमध्ये, बोरगाव मागे गेल्यावर लक्षात आलं. भावनाच्या तक्त्यावर काना नव्हता, वेलांटी नव्हती, फक्त मुळाक्षरं होती. माझ्या नावातली पहिली दोन अक्षरं हीच; काना-वेलांटीशिवाय आईला जेवढं लिहिता येईल तेवढं माझं नाव तिनं लिहिलं होतं. मला बोलवत होती. की मला काही सांग म्हणत होती. की नुसतंच लिहून पाहिलं.

मी रग घेऊन गेले होते. आईच्या पायावर तोच आहे.

शनिवार, १७ ऑगस्ट

पुस्तिका छापून आली. स्वातंत्र्यदिनाला प्रकाशनही झालं, मी नव्हते. पहिल्या पानावर माझी गोष्ट, वर माझा फोटो.

प्राचार्यांना आज सांगितलं. सगळं सांगितलं, जाईबाई, पंखा, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. पाणी मागवलं माझ्यासाठी. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही सध्या दुःखात आहात. गोष्टीचा भाव खरा आहे ना? आईचे कष्ट खरे आहेत ना? मग झालं. आणि आता दोनशे प्रती वाटून झाल्या."

"शुद्धिपत्रक लावता येईल," मी म्हटलं.

"त्यात काय लिहिणार?"

खरंच, एका ओळीत काय लिहिणार?

रविवार, २५ ऑगस्ट

पातूर. आईला वरचं वाचून दाखवलं, जूनपासूनचं. आमच्या बोलीत बदलून वाचायला गेले. "मले", "तुले" म्हणत गेले. उसनं आणल्यासारखं येत होतं, दोन ओळींवर तुटत होतं. भावना दारात उभी राहून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ताई, राहू द्या आता. त्यायच्यापर्यंत काही जाऊन नाही राहिलं."

तरी पंख्यापर्यंत वाचलं. मग आईचं अंग पुसायची वेळ झाली.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

पहिल्या पुस्तिकेत राहून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या गोष्टी दुसऱ्या पुस्तिकेसाठी यायला लागल्या. आज पाचवा तास संपल्यावर नीलम थांबली. शेंदूरजनाघाटची मुलगी, शांत, पहिल्या बाकावर बसते. वही पुढे केली. "मॅडम, तुमची वाचून लिहिली. बघता का?"

उभ्यानंच वाचली. चांगली लिहिली होती. गावातली शाळा, वऱ्हाडी बोलते म्हणून कॉलेजात झालेली थट्टा. दुसऱ्या पानावर आई. "माझी आई निरक्षर आहे. संत्र्याच्या बागेत तिनं आयुष्य घालवलं, पण अक्षरांची फळं तिला कधी चाखता आली नाहीत."

"आई अजिबात शिकलेली नाही?" मी विचारलं.

नीलम लाजली. "दहावी झाली आहे मॅडम. पण तसं लिहिलं तर गोष्टीत काही राहतच नाही. तुमच्यासारखं वजन येत नाही."

मी तिला खाली बसवलं. म्हटलं, नीलम, माझ्या गोष्टीत लिहिलंय ते खरं नाही. माझी आई चौथी पास होती. विहारात ग्रंथ वाचायची. मी भरसभेत निरक्षर म्हटलं आणि ती समोर बसली होती.

नीलम ऐकत राहिली. तिला धक्का बसला असावा असं मला वाटलं. मी पुढे म्हणणार होते, की वही घरी घेऊन जा, आईला दाखव, तिला विचार. पण तिनंच मधे विचारलं, "मग मॅडम, तुमच्या आई काही म्हणाल्या नाहीत?"

"नाही," मी म्हटलं. "काहीच म्हणाली नाही."

नीलमचा चेहरा मोकळा झाला. "मग माझी पण नाही म्हणणार," ती म्हणाली आणि वही प्राचार्यांच्या टेबलावर ठेवायला गेली.